पात्र उमेदवारांची रांग

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरले, म्हणजे यशवंत स्टेडियमच्या परिसरात मांडव उभे राहतात आणि मॉरिस कॉलेजच्या चौकाकडे मोर्चे निघू लागतात. नागपूरकरास हे दृश्य आता संत्र्याच्या मोसमाइतके नित्याचे झाले आहे. तो वाहन दुसऱ्या रस्त्याने वळवितो, वाहतुकीच्या खोळंब्याबद्दल चार शब्द बोलतो आणि घरी जातो. आम्हीही अनेकदा तसेच केले आहे, हे आरंभीच कबूल करतो. परंतु या मांडवांपैकी एका मांडवापुढून जाताना पाऊल अडखळावे, असे आम्हांस वाटते. तेथे बसलेली माणसे गिरणी बंद पडलेले कामगार नव्हेत, की पीक बुडालेले शेतकरी नव्हेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ येथून रात्रीच्या एस. टी. ने आलेले हे तरुण-तरुणी डी. एड. किंवा बी. एड. झालेले असतात. प्रत्येकाच्या हाती प्लॅस्टिकची एक फाइल असते व तीत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, प्रशिक्षणाची पदविका किंवा पदवी, पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला क्रमाने लावलेला असतो. कित्येकांच्या केसांत पांढरी छटा दिसू लागली आहे. काहींच्या मांडीवर मुले आहेत.

आणि त्यांची मागणी तरी काय? वेतनवाढ नव्हे, निवृत्तिवेतन नव्हे, कर्जमाफी नव्हे. ‘भरतीची जाहिरात काढा’ एवढीच ती मागणी आहे. ज्या कामाचे शिक्षण शासनमान्य संस्थेत घेतले, ज्या कामाची पात्रता शासनाच्याच परीक्षेने सिद्ध केली, त्या कामासाठी अर्ज करण्याची संधी मिळावी म्हणून माणसाने थंडीत रस्त्यावर बसावे, हा प्रकार आम्हांस विलक्षण वाटतो. त्याहून विलक्षण हे, की तो कोणासच विलक्षण वाटेनासा झाला आहे.

जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील वडीलधाऱ्यांस ‘नॉर्मल स्कूल’ हा शब्द आठवत असेल. परकी राजवटीच्या शिक्षणनीतीचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. तिने शाळा उघडल्या त्याहून कितीतरी अधिक गावे शाळेवाचून ठेवली. परंतु शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा एक व्यवहार त्या काळी स्पष्ट होता. सरकार प्रशिक्षणार्थ्यास विद्यावेतन देई आणि त्याच्याकडून सेवेचे बंधन लिहून घेई. जेवढे मास्तर हवेत, तेवढेच घडवावयाचे, असा तो हिशेब होता. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, नई तालीमची कल्पना पुढे आली आणि १९३८ मध्ये याच प्रांताच्या विद्यामंदिर योजनेसाठी वर्ध्यास शिक्षकांची प्रशिक्षणशाळा निघाली. त्या योजनेचे पुढे काय झाले, हा निराळा विषय आहे. पण तेथेही शाळेची कल्पना आधी होती, शिक्षकाचे प्रशिक्षण तिच्या मागोमाग आले. आज हा क्रम उलटला आहे. प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराने करावयाचा, दोन वर्षे त्याने द्यावयाची आणि बंधन मात्र कोणावरच नाही.

हे उलटे चक्र एका दिवसात फिरलेले नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात डी. एड. म्हणजे हमखास नोकरी, असा समज खेड्यापाड्यांत पसरला होता आणि तो तेव्हा निराधारही नव्हता. बारावीस उत्तम गुण मिळविणारी मुले वैद्यकी आणि अभियांत्रिकी सोडून डी. एड. कडे वळत. मागणी दिसताच विद्यालयांचे पेव फुटले. कोठे शेत विकून, कोठे दागिने गहाण टाकून ‘देणगी’ भरली गेली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ही संस्था १९९३ च्या कायद्याने अशा संस्थांवर नियंत्रण ठेवण्यासाठीच जन्मास आली होती. परंतु मान्यतांची खैरात थांबली नाही. महाराष्ट्रातील २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये आयोगाने अहवाल दिला. त्या २९१ पैकी बहुसंख्य संस्था आयोगास मान्यतेस अपात्र आढळल्या. आमच्या राज्याच्या शिक्षणव्यवस्थेविषयी याहून अधिक बोलके प्रमाणपत्र आम्हांस ठाऊक नाही.

इकडे संस्था पदविका वाटत असता तिकडे शाळांची दारे मिटत होती. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावर भरलेले वर्ग प्रत्यक्षात रिकामे निघाले. खोट्या पटावर नेमलेले शिक्षक अतिरिक्त ठरले. मग २ मे २०१२ च्या निर्णयाने शासनाने नव्या शिक्षकभरतीस प्रतिबंध केला. पट फुगविला संस्थाचालकांनी, त्याकडे डोळेझाक केली अधिकाऱ्यांनी आणि दंड भरला ज्याने अद्याप शाळेचा उंबरठाही ओलांडला नव्हता, त्या उमेदवाराने! २०१३ च्या डिसेंबरात राज्याची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ नावाची संगणकीय प्रणाली आली आणि तिच्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणखी वेगळी घेण्यात आली. अशी दुसरी चाचणी २०२३ मध्ये व तिसरी २०२५ मध्ये झाली. पहिल्या चाचणीच्या आधारे २०१९ मध्ये सुमारे १२ हजार जागांची जाहिरात निघाली. दुसरीच्या आधारे २०२४ च्या आरंभी सुमारे २१ हजार ६०० जागांची निघाली आणि त्या फेब्रुवारीत मुलाखतीविना नेमावयाच्या सुमारे ११ हजार उमेदवारांची यादी प्रसिद्ध झाली.

वाचकांनी या सनावळ्या एखाद्या उमेदवाराच्या वयाशी लावून पाहाव्यात. २०१२ मध्ये जी मुलगी विसाव्या वर्षी डी. एड. झाली, ती पहिल्या चाचणीच्या वेळी पंचवीस वर्षांची होती आणि पहिल्या जाहिरातीच्या वेळी सत्तावीस वर्षांची. ती संधी हुकली असेल, तर दुसऱ्या जाहिरातीपर्यंत ती बत्तीस वर्षांची झाली. खुल्या प्रवर्गास वयोमर्यादा आहे अडतीस. म्हणजे अर्ज करण्यास पात्र असलेल्या अठरा वर्षांपैकी बारा वर्षांत तिच्या वाट्यास दोन जाहिराती आल्या. एवढ्या काळात पंचवार्षिक योजना दोनदा पुऱ्या होत असत.

बरे, एवढी प्रतीक्षा करून जे मिळते, तेही पाहण्यासारखे आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनावर नव्हे, तर मानधनावर राबणार. प्राथमिकच्या शिक्षणसेवकास आरंभी दरमहा ३ हजार रुपये मिळत, पुढे ६ हजार झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झाले. माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार. आता त्याच वर्षीचा ७ जुलैचा शासन निर्णय पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर नियमित भरती होईपर्यंत सेवानिवृत्त शिक्षकांस दरमहा २० हजार रुपयांवर, वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत, नेमण्याची मुभा त्याने दिली. निवृत्तांविषयी आमच्या मनात आदरच आहे आणि शिक्षकावाचून वर्ग ओस पडण्यापेक्षा अनुभवी गुरुजी आले, तर विद्यार्थ्यांचे भलेच होईल. परंतु हाती निवृत्तिवेतन असलेल्यास वीस हजार आणि तेच काम करणाऱ्या, संसार मांडू पाहणाऱ्या तरुणास सोळा हजार, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो? आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत तर २०२५ मध्ये बाह्यस्रोतामार्फत शिक्षक आणण्याचा घाट घातला गेला आणि वर्षानुवर्षे तासिकेवर राबलेल्यांस नाशिकास बिऱ्हाड घेऊन बसावे लागले.

प्रतीक्षा जेथे लांबते, तेथे दलाल उभा राहतो. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघडकीस आणला आणि परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पुढे सुमारे ७,८०० उमेदवारांवर अपात्रतेची कारवाई करण्यात आली. हे पुण्यास घडले म्हणून नागपूरने नाक मुरडण्याचे कारण नाही. बनावट ‘शालार्थ’ क्रमांक देऊन बोगस शिक्षकांच्या नावे शासनाचे वेतन काढल्याच्या प्रकरणात २०२५ च्या एप्रिलमध्ये अटक झाली, ती नागपूर विभागाच्या शिक्षण उपसंचालकांनाच. कोण दोषी व कोण निर्दोष, हे न्यायालय ठरवील. त्याविषयी आम्ही काही बोलू इच्छित नाही. परंतु यशवंत स्टेडियमजवळच्या त्या मांडवातील माणसाने ही वार्ता वाचली, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल? फाइल क्रमाने लावून आपण चूक केली काय, हाच प्रश्न त्यास पडला असला पाहिजे. तरुणांच्या मनात हा प्रश्न उभा करणे, हे त्या गैरव्यवहारातील पैशाहून मोठे नुकसान आहे.

येथवर आम्ही शासनास बोल लावला. आता उमेदवारांनाही दोन कटू शब्द ऐकविले पाहिजेत. शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल बहुतेक वेळी शेकडा दहाच्या आतच लागतो. परीक्षा कठीण असते, प्रश्नपत्रिकांत चुका निघतात, हे सारे खरे धरले, तरी शिक्षक होऊ पाहणाऱ्यांपैकी एवढ्या मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण व्हावे, यात काही दोष प्रशिक्षणाचाही असला पाहिजे. ज्या महाविद्यालयात सराव-पाठांच्या वह्या विकत मिळतात आणि हजेरी वर्षाखेरीस एकदम भरली जाते, तेथील पदवी हाती घेऊन वर्गात उभे राहण्याचा हक्क मागता येत नाही. २०१५ पासून बी. एड. चा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला. चांगल्या महाविद्यालयांत त्या वाढीव वर्षाचे चीज झाले. इतरत्र केवळ शुल्क दुप्पट झाले.

आणि आम्ही, म्हणजे या दैनिकाचा वाचकवर्ग? धरमपेठेत, प्रतापनगरात, मनीषनगरात राहणारा हा सुशिक्षित पालक आपल्या मुलासाठी इंग्रजी माध्यमाची शाळा निवडताना इमारत पाहतो, बस पाहतो, जलतरण तलाव आहे की नाही, हेही विचारतो. त्या शाळेतील शिक्षिकेच्या हाती महिन्याकाठी काय पडते, असे त्याने कधी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली अद्याप अस्तित्वात आहे. तरीही सही एका आकड्यावर आणि रोख दुसऱ्या आकड्याची, किंवा बँकेत जमा झालेल्या वेतनाचा काही भाग मुकाट्याने कार्यालयात परत, हे प्रकार ज्यांस ठाऊक नाहीत, असे शिक्षक आम्हांस फारसे भेटलेले नाहीत. तक्रार कोण करणार? बाहेर रांग उभी आहे. बेकार शिक्षकांची ही रांग नोकरीतील शिक्षकाचेही वेतन पाडते, हे आपण पुरेसे ओळखलेले नाही.

मग या पदवीधरांनी करावे काय? उपदेश करणे सोपे असते; तरी जे ज्ञात आहे, ते सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट ही, की एकाच ‘पवित्र’ दाराशी डोळे लावून बसू नये. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि आदिवासी भागांतील एकलव्य निवासी शाळा यांची भरती अखिल भारतीय परीक्षांतून होते. त्यांत वेतनश्रेणी पूर्ण असते, शिक्षणसेवकाची तीन वर्षे नसतात. अजनी, वायुसेनानगर, अंबाझरी आणि कामठी येथे केंद्रीय विद्यालये आमच्या डोळ्यांसमोर असूनही विदर्भातील उमेदवार त्या परीक्षांकडे कचरतच पाहतात. कारण उघड आहे : परीक्षा हिंदी-इंग्रजीत आणि नेमणूक कोठेही. यातील पहिली अडचण वर्षभराच्या तयारीने बऱ्याच अंशी दूर होते. दुसरी मनाची आहे. नागपूरच्या माणसास नागपूर सोडवत नाही, हा आमचा जुना लाडका दोष!

दुसरी गोष्ट विषयाची. इतिहास आणि मराठी घेऊन बी. एड. झालेल्यांची दाटी झाली असता गणित-विज्ञान नीट शिकवू शकणारा माणूस शाळांस शोधावा लागतो. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाची जी स्वतंत्र बी. एड. पदवी आहे, तिच्याकडे तर आमच्याकडील तरुणांचे लक्षच गेलेले नाही. तिसरी गोष्ट नियमांच्या बदलांची. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांस बी. एड. ही पात्रता चालणार नाही, असे ठरविले. तेव्हा लहान मुलांना शिकवावयाचे असेल, तर पदविकाच घेतली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच किमान पात्रता करावयाचे योजिले आहे. आज बारावी होणाऱ्या मुलाने हे ध्यानात घेऊनच पाऊल टाकावे. दुकान चालविणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी त्यास हे सांगणार नाही. आणि शेवटची गोष्ट : शिकवणी, प्रकाशन, ग्रंथालय, स्पर्धापरीक्षा यांपैकी काहीही पत्करून मिळवते होण्यात कमीपणा नाही. अनेकांनी ते केलेही आहे. मात्र ‘बेकार बसण्यापेक्षा काहीतरी करा’ हे वाक्य शासनाच्या तोंडी शोभत नाही. ज्याने दोन वर्षे बालमानसशास्त्र आणि पाठनियोजन शिकविले, त्याने विद्यार्थ्यास भाजीची गाडी लावावयास सांगू नये.

या प्रश्नास राजकीय वजन का येत नाही, याचेही एक कारण आहे. विधानपरिषदेत नागपूर विभागाचा शिक्षक मतदारसंघ आहे. २०२३ च्या जानेवारीत त्याची निवडणूक झाली. मोठी चुरस झाली, जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न गाजला. परंतु या मतदारसंघात मत कोणास? मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील संस्थेत शिकविलेल्यांस. प्राथमिक शिक्षकास मत नाही आणि बेकार शिक्षकास तर नाहीच. ज्यांचे निवृत्तिवेतन धोक्यात आहे, त्यांस प्रतिनिधी आहे. ज्यांचे पहिले वेतनच अजून आले नाही, त्यांस तो नाही. या घटनात्मक तरतुदीत आज बदल करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु शिक्षक आमदारांनी रांगेतील या माणसांचाही आवाज सभागृहात उठवावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

त्यातच १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांवरही पात्रता परीक्षेचे बंधन घातले. पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांनी ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, असे त्यात सांगितले. त्यानंतरची परीक्षा २३ नोव्हेंबरला झाली. वीस वर्षे शिकविलेले गुरुजी आणि वीस वर्षांचा उमेदवार एकाच दालनात बसण्याची वेळ आली. यावर संघटना न्यायालयात आणि रस्त्यावर लढतीलच. आमचे म्हणणे वेगळे आहे. सेवेतील शिक्षकांचे काय करावयाचे, या वादात पुन्हा एकदा भरतीचे वेळापत्रक बुडू नये.

वेळापत्रकाची गोष्ट अशक्य आहे, असे सांगणाऱ्यांनी बिहारकडे पाहावे. त्या राज्याचे नाव घेऊन आपण अनेकदा हसतो. तेथील लोकसेवा आयोगाने २०२३ मध्ये १ लाख ७० हजारांहून अधिक शिक्षकपदांची जाहिरात काढली, ऑगस्टमध्ये परीक्षा घेतली आणि २ नोव्हेंबरला पाटण्याच्या गांधी मैदानावर नेमणूकपत्रे वाटली गेली. त्या भरतीतही दोष काढता येतील, तक्रारीही झाल्या. परंतु परीक्षेपासून नेमणुकीपर्यंत तेथे तीन महिने पुरले. महाराष्ट्रात २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चाचणी झाली आणि यादी लागावयास पुढचा फेब्रुवारी उजाडला.

दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेत किती पदे मंजूर व किती रिक्त, हे शासनास शाळानिहाय ठाऊक असते. पुढील तीन वर्षांत कोण कोण निवृत्त होणार, हे तर जन्मतारखांवरूनच कळते. हे दोन आकडे जिल्हावार, विषयवार आणि माध्यमवार दरवर्षी जून महिन्यात प्रसिद्ध करावेत. डी. एड. आणि बी. एड. च्या प्रवेशाची माहितीपुस्तिका त्यानंतरच निघावी आणि तिच्या पहिल्याच पानावर हे आकडे छापावेत. ज्या विषयास पुढील तीन वर्षांत जागा नाहीत, त्याचे प्रवेश कमी करावेत. चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. ‘पवित्र’ प्रणालीतून खासगी संस्थांकडे मुलाखतीसाठी जी नावे जातात, त्यांतून कोणाची निवड झाली व कोणाची कोणत्या कारणाने झाली नाही, हे त्याच प्रणालीवर सर्वांस दिसावे. मुलाखतीच्या तीस गुणांचा बाजार यानेच थोडाफार आटोक्यात येईल. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. लागलाच, तर एक शासन निर्णय लागेल आणि मंत्रालयात शासन निर्णयांचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणणार नाही.

पुढील अधिवेशन नागपुरास भरेल, तेव्हा तो मांडव पुन्हा पडेल, असे आम्ही गृहीत धरतो. शिक्षणमंत्र्यांचा मुक्काम तेथून पायी जाण्याच्या अंतरावर असतो. भेटीस येणाऱ्या शिष्टमंडळास चहा पाजून निवेदन स्वीकारण्याची प्रथा आहे. ती खुशाल पाळावी. परंतु त्या निवेदनाची पोच देताना तिच्यावर पुढील जाहिरातीची तारीख लिहून द्यावी. शिष्टमंडळातील प्रत्येकजण ती कशी जपून ठेवील, हे आम्ही सांगावयास नको. फाइलमध्ये एक कागद लावण्यापुरती जागा त्याने ठेवलेलीच असते.